कुमुदला कोण हाक मारणार?

आमच्या आईने आयुष्यात कधी तक्रार केली नाही, आणि मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार निवारण कक्षात नोकरी करतो. ही दोन माणसे एकाच छपराखाली राहतात, यातच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे.

झाले असे की, एका रविवारी सकाळी आई फोनजवळच्या खुर्चीत मटार सोलत बसली होती. रविवारी ती तिथेच बसते. मोठी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, दर रविवारी फोन करायची. चुकून मी उचलला तर ती माझी, माझ्या तब्येतीची, माझ्या बढतीची कसलीही चौकशी न करता विचारायची, "कुमुद आहे का?" आणि मी बाजूला व्हायचो. मावशी जाऊन वर्ष होत आले, पण आईची रविवारची खुर्ची काही हललेली नव्हती.

त्या दिवशी शेंगेतला शेवटचा दाणा अंगठ्याने काढत ती म्हणाली, "ताई गेली. आता मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही."

गॅस संपत आलाय, हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात. पुढे उसासा नाही, पदर नाही. तिने दुसरी शेंग घेतली. पण माझ्या हातातला पेपर खाली आला. ज्याने सारी हयात "नळाला पाणी नाही" हे वाक्य नोंदवून घेण्यात घालवली, त्याला न केलेली तक्रारसुद्धा ऐकू येते.

विचार केला तर तिचे खरेच होते. मी आणि माझी बायको तिला आई म्हणतो, आमची मुलगी आजी. इमारतीत ती काकू, भाजीवाल्याची मावशी, बँकेत मॅडम. बाबा होते तोवर त्यांनी "अगं" या एका शब्दावर संसार भागवला. बरे, लहानपणी तरी? तर तेव्हा कुमुद या नावाची एवढी चलती होती, की तिच्या वर्गात एका बाकावर दोन आणि मागच्या बाकावर आणखी, अशा कुमुद बसलेल्या असत. बाईंनी "कुमुद, उत्तर सांग" म्हटले की निम्मा वर्ग उभा राहायचा. म्हणून मैत्रिणींनी सोय केली. आई चष्मा लावायची, तिचे नाव पडले "चष्मा". पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. तिथेही आधीच्या कुमुद होत्याच. आईचा बोर्ड भिंतीच्या कडेला, म्हणून तिथे ती "कोपरा".

एकदा एक्स्चेंजच्या तळमजल्याला आग लागली होती. बाकीच्या खाली उतरल्या. कोपरा मात्र तोंडाला ओला रुमाल बांधून अग्निशमन, दवाखाने, पोलीस अशी सगळ्यांना लाइन जोडून देत बसली होती. दुसऱ्या दिवशी गावभर तिची तारीफ झाली. लोक म्हणाले, "काय ती ऑपरेटर!" नाव कुणालाच ठाऊक नव्हते. हे आम्हालाही बाबांकडून कळले. तिला विचारले तर म्हणाली, "जिन्यात गर्दी होती, म्हणून बसले."

सारांश, नाव जोरात होते तेव्हा गर्दीपायी ते तिच्या वाट्याला आले नाही, आणि गर्दी ओसरली तोवर हाक मारणारी माणसे संपली. मध्ये एकटी मोठी मावशी काय ती धरून होती.

मी ही तक्रार मनातल्या मनात नोंदवली आणि त्याच संध्याकाळी निवारणाला हात घातला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "कुमुद, चहा टाकतेस का?"

आईने गॅस बारीक केला. हात पुसला. माझ्या कपाळाला लावला.

"ताप तर नाहीये," ती माझ्या बायकोला म्हणाली.

बायको कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बरं कधी नावानं हाक मारत नाहीत हे. मी पण 'अगं'च आहे की या घरात."

हा मुद्दा विषयाला सोडून होता, म्हणून मी तो पुढच्या कार्यवाहीसाठी राखून ठेवला. एवढ्यात आमची मुलगी आतून धावत आली आणि मोठ्या उत्साहाने ओरडली, "ए कुमुद, माझा चार्जर बघितलास?"

"एक ठेवून देईन," आई म्हणाली, आणि मग मला समोर बसवून तिने कायदा समजावला. "अरे, असं हट्टानं नाही होत ते. हाक मारणाऱ्याचा हक्क लागतो. एकतर मोठं माणूस हवं, नाहीतर बरोबरीचं. आणि ते आपणहून यायला हवं. तू चहा घे आणि विसर."

मी चहा घेतला. विसरलो मात्र नाही.

माझी चूक अशी झाली की हे मी तळमजल्यावरच्या निवृत्त मॅनेजरना बोलून दाखवले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले, पण सल्ला देण्यातून झालेले नाहीत. ते म्हणाले, "अहो, सोप्पं आहे. माणसाचं नाव कसलाही मुलाहिजा न ठेवता कुठं पुकारतात? पेन्शन कचेरीत! हयातीच्या दाखल्यासाठी आईंना घेऊन जा. तिथला कारकून म्हणजे मुलखाचा उद्धट. मी एवढा मॅनेजर, मला म्हणाला, 'ए पुढचा, सरक.' आईंना नुसत्या नावानं नाही पुकारलं, तर मिशी काढीन."

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांची बायको जिन्यातून ऐकत होती. ती म्हणाली, "त्यापेक्षा पोपट पाळा. शिकवलं की दिवसभर नाव घेईल."

पोपटाचा प्रस्ताव मी आईपुढे ठेवून पाहिला. ती म्हणाली, "तो माझ्याहून मोठा असतो की बरोबरीचा?" प्रस्ताव फेटाळला गेला.

राहिली पेन्शन कचेरी. मी रजा टाकली. आईला बाकावर बसवले. समोर जाळीच्या खिडकीमागे तो कारकून बसला होता, आणि तारीफ ऐकली होती त्याहून तो सरस निघाला. एका रिटायर्ड न्यायाधीशाला त्याने "काय हो, कानात बोळे घातलेत का?" असे विचारले, तेव्हा मी मनोमन त्याला नमस्कार केला. लोकांची नुसती पहिली नावे तो रस्त्यावर दगड भिरकावावे तशी भिरकावत होता.  आमचा कागद त्याच्या हातात आला. त्याने तोंड उघडले. मग जाळीतून बाहेर पाहिले, चष्म्याआडून शांतपणे त्याच्याकडे बघणारी आई त्याला दिसली, आणि त्या माणसाला काय झाले कोण जाणे, तो खुर्चीतून उठला.

"या हो मावशी. सावकाश. पायरी आहे तिथं."

वर त्याने शिपायाला पंखा आईच्या बाजूला वळवायला सांगितला. माझ्या तोंडात मारल्यासारखे झाले. मी खिडकीशी जाऊन हळूच म्हणालो, "साहेब, जरा नावानं पुकारता का?"

तो माझ्यावर डाफरला, "वयाचा काही मान आहे की नाही? मुलगा ना तुम्ही?"

रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. न्यायाधीशांनीही पाहिले. आई परत येताना रिक्षात खूश होती. "किती चांगला माणूस रे," ती म्हणाली. मॅनेजरांची मिशी अजून जागेवर आहे. मला त्या विषयावर बोलायचे नाही.

आता मी म्हटले, हाक मिळत नाही तर निदान नावाचा मान तरी तिच्या पदरात घालू. ऑफिसातून सुटलो की वाचनालयात जाऊन बसू लागलो. कुमुद म्हणजे पांढरे कमळ, एवढे मला माहीत होते. प्रत्यक्षात ते दिवसा मिटलेले असते आणि चंद्र वर आला की उमलते. सगळी दुनिया सूर्याच्या मागे असताना आपण आपल्या वेळेला उमलावे, हा बाणा मला फार आवडला. शब्दाची फोडही सुरेख निघाली. कु म्हणजे पृथ्वी, मुद म्हणजे आनंद. पृथ्वीला आनंद देणारे ते कुमुद. आमच्या कक्षाच्या पाटीवर "जनतेच्या सेवेसाठी" लिहिले आहे. त्यापुढे हे कितीतरी वरचे वाटले.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मी काम अर्धवट न सोडणारा माणूस. पुढचे पान उलटले. तिथे कळले की कुमुद नावाचा एक वानर सेनापती होऊन गेला. एक नागही होऊन गेला. शिवाय पृथ्वी तोलून धरणारे जे आठ दिशांचे हत्ती, त्यांतल्या नैर्ऋत्येच्या हत्तीचे नाव कुमुद. जुन्या पोथ्यांतून एवढा मोठा गोतावळा, पण त्यात बाई म्हणून शोधून सापडेना. ज्या कुणी पहिल्यांदा हे नाव हत्तीकडून काढून मुलीला दिले, त्या आईबापांच्या धाडसाला तोड नाही.

मी भीत भीतच हे सारे आईला वाचून दाखवले. वानराला ती हसली. सापाला "ईऽ" म्हणाली. हत्तीपाशी मात्र तिने वाटी खाली ठेवली.

"नैर्ऋत्य म्हणजे कोपराच की."

"हो."

"म्हणजे तिथंही मी कोपऱ्यातच," ती म्हणाली, आणि दिवसभर अधूनमधून स्वतःशीच हसत राहिली.

पण रविवार आला आणि ती पुन्हा फोनजवळ जाऊन बसली.

मग मी नावाचा बाजारभाव पाहायला निघालो. भेटवस्तूंच्या दुकानात नावांच्या किल्ली-साखळ्या फिरत्या स्टँडला टांगलेल्या असतात. कोणते नाव तेजीत आहे हे बघायला त्यासारखी जागा नाही. मी स्टँड उलटसुलट फिरवून पाहिला. दुकानदार म्हणाला, "कुमुद? ते कंपनीचं नाव आहे का?" त्याच्या हिशेबाने मुलींची नावे हल्ली दोन अक्षरांत आटपतात आणि दर हंगामाला बदलतात. मला वाटते, कुमुदचा घात तिच्या यशानेच केला. शेजारच्या चार घरी कुमुद झाल्यावर पाचव्या घराने वेगळे नाव शोधले, आणि मग सगळेच शोधत सुटले. ज्या गर्दीने आईला "चष्मा" केले, त्याच गर्दीने पुढे नावही बुडवले.

पण मग त्या गर्दीतल्या बाकीच्या कुमुद गेल्या कुठे? हा प्रश्न मला दुकानातच पडला. त्याही आईच्याच वयाच्या असणार. म्हणजे बरोबरीच्या! हक्काच्या!

मी तडक स्थानिक वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीवर गेलो आणि मजकूर दिला: "कुमुद नावाच्या, सत्तरीपुढील स्त्रियांनी खालील फोनवर संपर्क साधावा." खिडकीवरच्या बाईने तो वाचला, मला वरपासून खालपर्यंत वाचले आणि विचारले, "कुठल्या सदरात टाकू? वधू पाहिजे?"

"नाही हो!"

"मग नोकरी? भाड्याने देणे? ज्योतिष?"

"माणसं भेटावीत म्हणून आहे."

"तसं सदर नाही," ती म्हणाली, आणि तिने ती 'हरवले-सापडले'मध्ये टाकली.

सकाळपासून फोन सुरू झाले. पहिलाच एका मुलाचा. "आमची कुमुद हरवलेली नाही. घरातच आहे, समोर बसलीय. तुम्हाला कुणी सांगितलं?" दुसऱ्याने बक्षीस किती म्हणून विचारले. एक बाई म्हणाल्या, त्यांचे नाव विमल आहे, पण त्या येऊ शकतील. दुपारी दारात हवालदार उभा.

"साहेब," तो टोपी काढून म्हणाला, "एका ठरावीक नावाच्या वयस्कर बायका तुम्ही कशासाठी गोळा करताय?"

त्याला काय सांगावे? मी सुरुवातीपासून सांगू लागलो: मटार, मावशी, हत्ती. हत्तीपर्यंत येता येता त्याची मुद्रा कठोर होऊ लागली. शेवटी आई बाहेर आली, हवालदाराला तिने पाणी दिले आणि म्हणाली, "त्याला काही येत नाही हो गुन्हाबिन्हा. भाबडा आहे." सुटका झाली, पण ज्या शब्दांत झाली, ते मी अजून गिळू शकलेलो नाही. तेव्हापासून इमारतीचा वॉचमन मला "कुमुदसाहेब" म्हणतो. लिफ्टमध्ये पोरे "कुमुदकाका" म्हणतात. ऑफिसात पाटीखाली कुणीतरी खडूने "कुमुद निवारण कक्ष" लिहून ठेवले. ज्या नावासाठी मी वणवण केली, ते आईला काही मिळेना. मला मात्र उठता बसता फुकट मिळू लागले.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "आता बोलावल्याच आहेस, तर चहा तरी नीट दे त्यांना."

मेळावा इमारतीच्या हॉलमध्ये ठेवला. हॉल म्हणजे एक टेबल-टेनिसचे टेबल, एक कॅरम आणि कुणीतरी घर बदलताना सोडून गेलेला सोफा. मॅनेजरांनी आपणहून दारात उभे राहून स्वागत पत्करले. आणि काय सांगू, कुमुद येऊ लागल्या! काठी टेकत, सुनेचा हात धरून, नातवाच्या स्कूटरवरून. रिटायर्ड शिक्षिका, शिवणकाम करणारी, एका मोठ्या दवाखान्याची निवृत्त मेट्रन. कुणी ठेंगणी, कुणी उंच, एक तर अजून पोहायला जाणारी. एका नावात एवढ्या तऱ्हा मावतात हे बघून माझा ऊर भरून आला. मी दाराशी कान लावून उभा राहिलो. आता हाका सुरू होणार!

"नमस्कार कुमुदताई."

"बसा ना कुमुदताई, तुम्ही बसा."

"नाही नाही, आधी तुम्ही, कुमुदताई."

सगळ्या अहो-जाहो. सगळ्या ताई. एकेकीच्या तोंडून असा काही आदर सांडत होता, की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आई सोफ्याच्या टोकाला, अर्थात कोपऱ्यात, हात जोडून हसत बसली होती. त्या हसण्याची मला चांगली ओळख आहे. पाहुणे गेल्यावर ती दमलेली असते, त्याच्या आधीचे ते हसणे. चहा झाला. बिस्किटे झाली. गुडघे या विषयावर सर्वांचे एकमत झाले.  सुना घड्याळे बघू लागल्या. मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी तरी पोपटच सुचवला असता." पोपट त्यांनी सुचवला नव्हता, पण वाद घालण्याचे त्राण मला नव्हते.

एवढ्यात मेट्रनबाईंची नजर कॅरमवर गेली.

"कुणी खेळतं का?"

"एक्स्चेंजमध्ये जेवणाच्या सुट्टीत खेळायचो," आई म्हणाली. "थोडंसं."

ते "थोडंसं" ऐकून मी सावध व्हायला हवे होते. बोर्ड मध्ये ओढला. आई, मेट्रनबाई, शिक्षिका आणि पोहणाऱ्या. सुरुवातीला "मारा ना कुमुदताई", "वा, काय मारलंत" असे चालले होते. मग आईने चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि एका दमात सोंगट्या घ्यायला सुरुवात केली. मेट्रनबाईंच्या भुवया एकमेकींना भेटल्या. दोघींच्या सोंगट्या संपत आल्या. राणी भोकाच्या तोंडाशी. आईने स्ट्रायकर ठेवला, जरासा पुढे सरकवला, मग आणखी जरासा, आणि कुणाचे लक्ष नाही असे पाहून करंगळीने आडवी आलेली एक सोंगटी हलकेच बाजूला केली.

"ए कुमुद!"

मेट्रनबाईंचा आवाज जन्मभर मोठमोठ्या वॉर्डांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला घडलेला. हॉलच्या काचा वाजल्या. मॅनेजरांच्या बशीतला चहा सांडला.

"बोट काढ! काढ म्हणते ना बोट! आंधळी समजतेस काय गं मला?"

 मेट्रनबाईंच्या सूनबाई "अहो आई, असं काय" म्हणत पुढे धावल्या. मला वाटले, आता आई अपमानाने उठून जाणार.

आईचे बोट बोर्डावर तसेच होते. चष्म्याआड तिचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले. ती म्हणाली, "कुठल्या कुमुदला म्हणतेस?"

"तुला गं, तुलाच! चोर कुठली!"

"मी नाही काढत जा," आई म्हणाली.

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो आईचा नव्हता, आजीचा नव्हता, काकूचा तर नव्हताच. तो मागच्या बाकावरच्या कुणाचा तरी होता. शिक्षिका म्हणाल्या, "कुमुद, फाउल आहे हं, मी पाहिलं." पोहणाऱ्या म्हणाल्या, "ए, दोघी गप्प बसा, माझी पाळी." आणि मग "अगं", "ए", "जा गं" यांचा असा कल्ला झाला, की खालून वॉचमन वर आला. ताई हा शब्द त्या हॉलमध्ये पुन्हा कुणी उच्चारला नाही. मी दाराच्या मागे गेलो. चष्मा पुसायचा होता.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. मेट्रनबाई दोन गल्ल्या सोडून राहतात. रोज संध्याकाळी त्या कॅरमसाठी येतात. लिफ्टने वर येणे त्यांना कमीपणाचे वाटते. त्या खाली आवारात उभ्या राहतात आणि तोंड वर करून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी हाक मारतात. दातांच्या डॉक्टरांनी यावर लेखी तक्रार द्यायचे ठरवले आहे. ती मी नोंदवून घेणार नाही.

मला काळजी होती ती निराळीच. आई पहिल्या हाकेला कधीच ओ देत नाही. मला वाटले, कान गेले. कानाच्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती. परवा संध्याकाळी ती बाल्कनीत तयार होऊन, पावडर लावून, मांडीवर हात ठेवून बसली होती. खालून हाक आली.

"ए कुमूऽऽद!"

आई हलली नाही. मी धावत जाऊन तिच्या कानाशी मोठ्याने म्हणालो, "आई! खाली हाक मारतायत तुला!"

"ओरडतोस काय? ऐकू आलंय मला," ती हळूच म्हणाली आणि मला हाताने मागे सारले. "तू गप्प बस जरा. पहिल्याच हाकेला ओ दिली, तर ती दुसरी मारेल का?"